फिरतंय, पण मारत नाही

कवठे येमाईहून टाकळी हाजीकडे गेले की कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे लागतात. पलीकडच्या काठावर निघोज, म्हणून बाहेरचे लोक त्यांना निघोजचे कुंड म्हणतात. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षे घासून हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कोरला आहे. या पट्ट्यातला शेतकरी विहीर खोल करायला निघतो, पोल्ट्रीच्या शेडचे खांब रोवतो किंवा कांदाचाळीचा पाया घेतो, तेव्हा त्याची गाठ याच खडकाशी पडते. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, आणि मग पहार वाजते तो पाषाण. घरबांधणीतले एम-२० काँक्रीट चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसते. घट्ट बेसाल्ट शंभराच्या पुढे, अनेकदा दोनशेच्या घरात जातो. आज गावोगावी वापरात असलेली विजेवरची हॅमर मशिने मुळात काँक्रीटसाठी घडवलेली आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

प्रश्न लहान वाटेल, पण प्लंबर, फॅब्रिकेटर, सोलरचे स्ट्रक्चर उभे करणारे, विहिरीवरचे मजूर, जुने स्लॅब फोडणारे अशा कितीतरी माणसांची रोजची मजुरी या एका यंत्रावर चालते. मशीन बंद पडले की दिवस बुडतो. आणि माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडे या मशीनची दुरुस्ती होते ती चुकीच्या टोकाकडून. जळते ते आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा गुंडाळीचा भाग, म्हणून आर्मेचर बदलले जाते किंवा भरले जाते. ते जळण्याआधी महिना-दोन महिने ठोका मेलेला असतो, आणि त्याकडे कोणी पाहत नाही.

ठोका तयार कसा होतो ते नीट समजून घेतले पाहिजे. मोटारीची गती गिअरमधून कमी होऊन एका बाजूला बिट फिरवते आणि दुसऱ्या बाजूला पिस्टन पुढेमागे हलवते. मोठ्या मशीनमध्ये त्यासाठी क्रँक आणि कनेक्टिंग रॉड असतो, लहान मशीनमध्ये तिरक्या चकतीवर बसवलेले बेअरिंग. पिस्टनच्या पुढे सिलिंडरमध्ये पोलादाचा एक सुटा ठोकळा असतो. तोच स्ट्रायकर. पिस्टन आणि स्ट्रायकर एकमेकांना कधीच टेकत नाहीत. दोघांच्या मध्ये हवा कोंडलेली असते. पिस्टन मागे गेला की हवा विरळ होऊन स्ट्रायकरला मागे ओढते, पुढे आला की ती दाबली जाऊन त्याला गोळीसारखे फेकते. स्ट्रायकर मधल्या बोल्टवर आदळतो, बोल्ट बिटच्या दांड्यावर. लहान मशीनमध्ये हे मिनिटाला चार हजारांच्या आसपास घडते.

हवा कोंडून धरण्याचे काम करते ती स्ट्रायकरवरची आणि पिस्टनवरची ओ-रिंग. एवढीशी रबराची कडी. ती कडक झाली, झिजली, तिला बारीक चीर पडली, की हवा बाजूने निसटते आणि ठोका निम्म्यावर येतो. मोटार ठणठणीत, गिअर ठणठणीत, बिटही फिरते. दुरुस्तीवाल्याकडे येणाऱ्या माणसाचे वाक्य ठरलेले असते: ‘फिरतंय, पण मारत नाही.’ निदान त्या वाक्यातच आहे. तरी बऱ्याच ठिकाणी मशीन घेतल्यावर पहिल्यांदा मागचे झाकण उघडून कार्बन, म्हणजे मोटारीचे ब्रश, बघितले जातात.

पुढे काय होते ते दरवेळी जवळपास सारखेच असते. ठोका कमी झाला की मजूर मशीनवर छातीचा भार टाकतो. हॅमर ड्रिल हे भाराने चालणारे यंत्रच नाही. बिट दगडाला टेकून आत सरकेल एवढाच रेटा त्याला लागतो; त्यापलीकडचा रेटा बिट अडकवतो. मोटारीची गती पडते. मोटार थंड करणारा पंखा आर्मेचरच्याच शाफ्टवर असतो, म्हणजे गती पडली की वाराही पडतो. करंट मात्र भाराबरोबर वाढलेला असतो. वाढलेली उष्णता आणि घटलेला वारा या दोन्हींच्या मध्ये तारेवरचे व्हार्निश सापडते. एक दिवस वास येतो, धूर निघतो, आणि मशीन ‘जळाले’ म्हणून टेबलावर येते. शे-दोनशे रुपयांचे रबर वेळेवर बदलले असते तर आर्मेचर वाचले असते. मशीनमागून मशीन याच वाटेने जाते.

या यंत्राचा इतिहास तसा जुना आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने विजेवरचा हॅमर १९३२ साली बाजारात आणला. लिश्टेनस्टाइनच्या हिल्टी कंपनीचे टीई-१७ हे मशीन १९६७चे. बिट फिरवून अडकवायची एसडीएस पद्धत बॉशने १९७५च्या सुमारास रूढ केली. आपल्याकडे पुण्याच्या परिसरात दगड फोडण्याची यांत्रिक परंपरा हवेवर चालणारी. हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ची, दापोडीला ॲटलास कॉप्कोचा कारखाना साठच्या दशकापासून. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडायचा, पाइप विहिरीत सोडायचा, जॅकहॅमरने सुरुंगाची भोके घ्यायची, यारीने दगड वर काढायचा, ही पद्धत इथल्या विहिरींनी पाहिली आहे आणि अजूनही पाहतात. जॅकहॅमरमध्ये दगडाजवळ मोटारच नसते. तेल द्या, फिल्टर साफ ठेवा, छिन्नी लोहाराकडून शेवटून आणा, एवढ्यावर तो वर्षानुवर्षे चालतो. विजेच्या हातमशिनांत मुलुंडची रॅलिवुल्फ आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची १९७६ साली सुरू झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स ही आपल्याच राज्यातली नावे. शिरोळसारख्या तालुक्याच्या गावी पॉवर टूल घडते ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

मग दुरुस्ती करतो कोण? शिरूर, मंचर, नारायणगाव, घोडनदीकाठची मोठी गावे, सगळीकडे उत्तर एकच: मोटार रिवाइंडिंगवाला. सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक पंपांनी हा व्यवसाय उभा केला. उसाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पंप जळणे ही रोजची घटना, त्यामुळे तांब्याच्या तारेवर या मंडळींचा हात बसलेला आहे. कौशल्य खरे आहे, कष्ट खरे आहेत. अडचण अशी की पंपाचे ज्ञान हॅमरला जसेच्या तसे लावता येत नाही.

पंपाच्या मोटारीत वाइंडिंग स्टेटरमध्ये असते. ते जागेवर स्थिर बसलेले, आतला रोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेतो. हॅमरच्या युनिव्हर्सल मोटारीत वाइंडिंग स्वतः फिरते, आणि तेही वीस हजार फेऱ्यांच्या घरात. हिशेब करून पाहा. मिनिटाला २०,००० फेरे आणि अक्षापासून दोन सेंटिमीटर अंतर धरले, तर एक ग्रॅम तांबे जवळजवळ नऊ किलोच्या ओढीने बाहेर खेचले जाते. वेढे हाताने कितीही सुबक बसवलेले असोत, खाचेतली पाचर ढिली राहिली किंवा व्हार्निश नीट मुरवून भट्टीत भाजले नाही, तर तार सुटते आणि बाहेरच्या स्थिर फिल्डला घासून तुटते. एका बाजूला वेढे जड झाले तर तोल जातो, कंपनाने बेअरिंगची सीट खाते. पंपवाल्या दुकानात बॅलन्सिंगची सोय बहुधा नसते. म्हणून लहान मशीनचे आर्मेचर भरून घेण्याऐवजी तयार आर्मेचर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या ब्रेकरचे तयार आर्मेचर महाग पडते, तिथे चांगल्या वाइंडरकडून भरून घेणे परवडते. मात्र तार त्याच गेजची, वेढे मोजून तेवढेच, आणि इन्सुलेशन उष्णता सोसणाऱ्या वर्गाचे असले पाहिजे. वर्ग एफ १५५ अंश सेल्सिअस सोसतो, वर्ग एच १८०. पंपासाठी आणलेला हाताशी आहे तो कागद वापरून भागत नाही.

आता एक मशीन टेबलावर उघडून बघू. आठशे वॅटचे, एसडीएस-प्लस, दोन वर्षे फॅब्रिकेशनच्या कामावर फिरलेले. पुढची रबरी टोपी काढली की तिच्या आतली कड फाटलेली दिसते. धूळ आत जायची पहिली वाट हीच. भिंतीत वर तोंड करून भोक पाडताना पीठ सरळ या टोपीत पडते. टोपीखाली स्प्रिंग, चकती, पोलादी गोळी. गोळीवर सपाट डाग पडलेला असला तर बिट डुगडुगत होते असे समजावे. सिलिंडर बाहेर काढला की ग्रीस दिसते. नवे असताना ते पिवळसर किंवा हिरवट असते; इथे ते काळे, आणि बोटांत चोळले की कचकचणारे. सिमेंटची भुकटी आणि ग्रीस मिळून झालेली ही घासणीची पावडरच म्हणायची, सिलिंडर आतून खाणारी. स्ट्रायकरवरची ओ-रिंग नखाने दाबली तर दबत नाही. निम्मी गोलाई जाऊन ती वरून सपाट झाली आहे. पिस्टनची रिंग त्याहून बरी. मागे आर्मेचरच्या पुढच्या बेअरिंगजवळचा सील गळलेला, तिथून ग्रीस कार्बन ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरवर पोचलेले, आणि त्यात कार्बनची पूड मिसळून खाचा भरून निघालेल्या. म्हणून ठिणग्या. म्हणून कार्बन अर्धे खाल्लेले. मालकाची तक्रार ठिणग्यांची होती. सुरुवात झाली होती पुढच्या टोपीपासून.

अशा मशीनला काय लागते? सगळे भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, कोरडे पुसून, ओ-रिंगचा पूर्ण संच, पुढची टोपी आणि सील नवे. रबराला धुलाईचे तेल लागू द्यायचे नाही. कॉम्युटेटर लेथवर अगदी हलक्या हाताने साफ, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली कोरलेला. ग्रोलरवर आर्मेचर तपासून शॉर्ट नाही याची खात्री. कार्बन जोडीनेच बदलायचे, एक जुना एक नवा ठेवायचा नाही. आणि ग्रीस. ग्रीसबद्दल सगळ्यात जास्त घोळ आहे, म्हणून दोन शब्द जास्त लिहितो.

ट्रॅक्टरच्या निप्पलला मारायचे लाल ग्रीस हॅमरमध्ये भरू नये. गिअरच्या पेटीला एक आणि ठोक्याच्या भागाला दुसरे ग्रीस सांगितलेले असेल तर ते पाळावे. कंपन्या ते लहान ट्यूबमध्ये विकतात, काही मोठ्या मशीनसाठी ३० ग्रॅमची ट्यूब येते. ट्यूब एवढीशी असण्याला कारण आहे. सिलिंडरमध्ये ग्रीस ठासून भरले तर हवेला जागाच उरत नाही, आणि हवा नाही तर ठोका नाही. ‘भरपूर ग्रीस मारलंय, आता वर्षभर बघायला नको’ असे प्रेमाने सांगणारा कारागीर त्या मशीनचा ठोका स्वतःच मारून देत असतो. शिवाय जास्तीचे ग्रीस तापून सीलमधून मागे सरकते आणि पुन्हा कॉम्युटेटरवर येते. थंडीच्या दिवसांत सकाळी ग्रीस घट्ट असते तेव्हा मशीन पहिल्यांदा ठोका देत नाही. दोन-तीन मिनिटे मोकळे फिरवले की जागे होते. तेवढ्यासाठी उघडायची गरज नसते. मोकळे फिरवताना ठोका नसणे हाही बिघाड नव्हे. बिट दाबल्याशिवाय सिलिंडरची भोके बंद होत नाहीत, अशीच त्याची रचना असते.

विजेचा भाग या पट्ट्यात टाळता येत नाही. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. शिरूर-जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याची भीती असल्याने रात्री शेतात जायला कोणी धजत नाही, आणि दिवसा वीज मिळावी ही मागणी त्यातूनच जोर धरून आहे. विहिरीवर हॅमर चालवायचा तर सिंगल फेज घरापासून किंवा पेटीपासून वायर ओढून न्यावी लागते. इथेही हिशेब करावा. १,५०० वॅटचे मशीन साडेसहा अँपिअर घेते. पाऊण चौरस मिलिमीटरची स्वस्त वायर शंभर मीटर ओढली, तर जाऊन-येऊन दोनशे मीटर तांबे होते आणि त्याचा रोध पाच ओहमच्या वर जातो. नुसत्या वायरीत तेहतीस-चौतीस व्होल्ट गळतात. घरी २१० असेल तर विहिरीवर १७५. अडीच चौरस मिलिमीटरची वायर असती तर गळती दहा-अकरा व्होल्टवर आली असती. व्होल्टेज पडले की गती पडते, गती पडली की वारा पडतो, आणि मघाची गोष्ट पुन्हा सुरू होते. मशीन दुरुस्तीला आणणाऱ्याला कारागिराने विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच असावा: वायर केवढी आणि किती लांब?

सुट्या भागांची बाजू मिश्र आहे. पुण्यात तपकीर गल्ली आणि बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ इथे चालत्या मॉडेलचे सगळे भाग मिळतात. लोकप्रिय लहान मशीनचे आर्मेचर, फिल्ड, स्विच, गिअर मॉडेलच्या आकड्यावरून मागितले जातात आणि मिळतातही. त्याच आकड्याचा माल तीन प्रतींत येतो: कंपनीचा, चांगली कॉपी आणि हलकी कॉपी. हलक्या कॉपीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, किंवा गिअरच्या दातांना पाणी नीट दिलेले नसते. बेअरिंग तर मॉडेलचे मागूच नये. त्यावर छापलेला नंबर बघून नावाजलेल्या कंपनीचे, दोन्ही बाजूंना सील असलेले घ्यावे. ओ-रिंगच्या बाबतीत नुसते माप जुळून चालत नाही, रबर कोणते आहे ते महत्त्वाचे. साध्या नायट्राइलपेक्षा उष्णता सोसणारे रबर ठोक्याच्या जागी जास्त टिकते. ज्या कंपनीने मॉडेल बंद केले तिचा भाग मिळत नाही तेव्हा दोन मृत मशिनांतून एक जिवंत करण्याचे कसब आपल्या कारागिरांकडे आहे, आणि ते मोलाचे आहे.

भाड्याने मिळणाऱ्या मशिनांची स्थिती सगळ्यात वाईट. हार्डवेअरच्या दुकानातून ब्रेकर दिवसाच्या बोलीवर जातो. नेणारा पैसे वसूल करायला तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत न थांबता चालवतो; दुकानदार संध्याकाळी फक्त सुरू होतो का एवढे बघून दुसऱ्याला देतो. कोणी किती तास चालवला याची नोंद नाही, कार्बन कधी बदलले याची नोंद नाही. बोथट छिन्नी तशीच पुढच्याकडे जाते. बोथट छिन्नीने दगडात न शिरलेला ठोका उलटा मशीनमध्ये येतो आणि मधल्या बोल्टचे टोक पसरते. मशीनला बांधलेली एक वही आणि प्रत्येक भाड्यामागे बाजूला ठेवलेले थोडे पैसे एवढ्याने हा भाग सुधारेल. भाड्याच्या धंद्यात जीव असेल तर हे दुकानदाराच्या फायद्याचेच आहे.

जिवाच्या प्रश्नाकडे वळतो. विहिरीत पाय ओले असतात. या मशिनांवर एकात एक दोन चौकोन असे चिन्ह असते: दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगशिवाय चालणारे. दुरुस्तीत आतली प्लास्टिकची बाही परत बसवली नाही, वायरीची पकड काढून टाकली, तुटलेल्या केसिंगला पत्रा ठोकला, तर ते चिन्ह खोटे ठरते. मशीन सुरू झाले म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या हाती देणे मला गुन्ह्यासारखे वाटते. आणि विहिरीवर नेणाऱ्याने गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे ईएलसीबी मधे लावलेच पाहिजे. त्याची किंमत एका आर्मेचरपेक्षा फार नाही.

कंपनाचे दुखणे हळू येते, म्हणून त्याची दाद लागत नाही. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची कमाल मर्यादा सेकंदवर्गाला ५ मीटर आणि काळजी घ्यायला लागण्याची पातळी २.५ मीटर ठेवली आहे. १५ मीटर कंपनाचे मशीन धरले तर काळजीची पातळी तेराव्या-चौदाव्या मिनिटाला गाठली जाते आणि कमाल मर्यादा तासाच्या आत. मुठीचे रबर झिजलेले, बेअरिंग वाजणारे मशीन याहून जास्त हलते. बोटे पांढरी पडणे, मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे हे मजूर ‘कामाचा त्रास’ म्हणून सोसतात. मुठीचे रबर बदलणे हे दुरुस्तीच्या यादीत म्हणूनच वर असायला हवे. आज ते ‘राहू द्या, चालतंय’ या खात्यात जाते.

सरकारी बाजूने पाहिले तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली. हॅमरसारखी हातमशिने त्या चार नावांत थेट येत नाहीत. त्यांचा समावेश व्हावा असे मला वाटते. भागांचे सुटे चित्र आणि ग्रीसचे वजन सांगणारा कागद मराठीत, मशीनबरोबर मिळाला तरी निम्मे काम होईल. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत वाइंडिंग शिकतो, फिटर बेअरिंग आणि मापे शिकतो. हॅमरला दोघांचे ज्ञान एकत्र लागते, आणि ते एकत्र शिकवणारा पंधरा दिवसांचा वर्ग तालुक्याच्या ठिकाणी चालवणे अवघड नाही. बॅटरीची, ब्रशलेस मोटारीची मशिने आता गावात येऊ लागली आहेत. त्यांत कार्बन नाही, कॉम्युटेटर नाही. ठोक्याचा भाग मात्र तोच, ओ-रिंग तीच. मोटारीचे कार्ड गेले तर गावात पर्याय नसेल, पण ठोका गावातच परत आणता येईल.

वेळेचेही एक गणित आहे. विहिरींची आणि बांधकामाची कामे दिवाळीनंतर सुरू होऊन मृगापर्यंत चालतात. त्याच काळात रिवाइंडिंगच्या दुकानात पंपांची रांग असते, आणि हॅमर कोपऱ्यात पडून राहतो. आषाढ-श्रावणात पंप बंद, विहिरी भरलेल्या, कारागिराचे टेबल मोकळे. मशीन तेव्हा टेबलावर आणावे: टोपी, सील, ओ-रिंगचा संच, कार्बनची जोडी, मोजून ग्रीस, शेवटी मेगर. आणि कारागिराने उघडलेल्या दिवसाची तारीख केसिंगच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावी.